चौकातील वेदी

वांद्र्याच्या जुन्या गावठाणांतून किंवा गिरगावच्या खोताच्या वाडीतून फिरताना दगडी क्रूस दृष्टीस पडतात. कोणी रस्त्याच्या वळणावर, कोणी दोन गल्ल्या मिळतात तेथे, कोणी एखाद्या घराच्या पडवीला लागून उभा. पायथ्याशी नाव आणि साल कोरलेले असते. त्यांतील बरीच साले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची आणि विसाव्याच्या आरंभीची आहेत. आपल्या आजी-आजोबांना त्यांचा अर्थ सांगावा लागत नसे. हे प्लेगचे क्रूस. मे महिन्यात संध्याकाळी वाडीतील माणसे क्रूसाभोवती जमतात, रोझरी होते, लदीन म्हटली जाते आणि शेवटी उकडलेले चणे वाटले जातात. मुलांना त्यातले चणे तेवढे लक्षात राहतात आणि वडीलधाऱ्यांनाही साल वाचून पाहण्याची आठवण होत नाही.

रोग वेशीबाहेर राहावा म्हणून हे क्रूस उभारले, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. ते खरेच आहे. पण ती अर्धीच गोष्ट आहे. संकटात सापडलेल्या माणसाची पहिली धाव देवळाकडे असते. मग क्रूस चौकात का यावा? या प्रश्नाचा विचार करताना मन मुंबईहून फार दूर, इटलीतील मिलान शहरात, १५७६ सालाकडे जाते. तेथेही एका महामारीनंतर चौकाचौकांत क्रूस उभे राहिले होते. त्या क्रूसांच्या जागी आधी काय होते हे कळले, म्हणजे ख्रिस्तसभेने आपत्तीतील माणसाची सेवा कशी समजून घेतली याचाही उलगडा होतो.

त्या वेळी मिलानचे आर्चबिशप होते कार्डिनल चार्ल्स बोरोमिओ. त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १५३८ रोजी माज्जोरे सरोवराकाठच्या आरोना येथे एका धनाढ्य सरदार घराण्यात झाला. १५५९ च्या डिसेंबरात त्यांचे मामा चौथे पायस या नावाने पोप झाले आणि पुढच्याच महिन्यात, वयाच्या एकविसाव्या वर्षी, भाचा कार्डिनल झाला. वशिल्याने मिळालेल्या या पदाचे चीज झाले नसते, तर त्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. त्या काळी अशी कितीतरी नावे होती. परंतु १५६२ मध्ये थोरल्या भावाच्या अकाली मृत्यूने या तरुणाला अंतर्मुख केले. घराण्याच्या वारशासाठी लग्न करण्याचा आप्तांचा आग्रह बाजूला सारून १५६३ मध्ये त्यांनी गुरुदीक्षा घेतली. ट्रेंट धर्मपरिषदेच्या अखेरच्या सत्रांच्या कामकाजात त्यांचा मोठा वाटा होता. बिशपाने आपल्या धर्मप्रांतात राहिले पाहिजे, असा त्या परिषदेचा एक मुख्य आग्रह होता. मिलानमध्ये सुमारे ऐंशी वर्षे एकही आर्चबिशप कायम मुक्कामाला राहिला नव्हता. १५६५ मध्ये चार्ल्स तेथे आले आणि राहिले. पुढच्या साऱ्या कथेचे बीज या 'राहिले' शब्दात आहे.

त्यांचा स्वभाव मवाळ नव्हता. शिस्तीच्या बाबतीत ते कठोर होते आणि त्यामुळे त्यांना शत्रूही पुष्कळ होते. १५६९ मध्ये सुधारणांना विरोध असलेल्या एका व्रतस्थ संघातील माणसाने ते प्रार्थनेत असताना त्यांच्यावर गोळी झाडली. ते थोडक्यात बचावले. १५७० च्या दुष्काळात त्यांनी भुकेल्यांसाठी अन्नछत्र चालवले. तरीही १५७६ पर्यंत मिलानकरांच्या दृष्टीने ते प्रामुख्याने एक करडे धर्माधिकारीच होते.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये प्लेगने मिलानमध्ये शिरकाव केला. शहर तेव्हा स्पेनच्या राजाच्या अमलाखाली होते आणि ऑस्ट्रियाचा डॉन हुआन या विजयी सेनानीच्या स्वागताच्या समारंभात गुंतले होते. रोगाची बातमी पसरताच समारंभ आटोपले. पाहुणे निघून गेले. स्पेनचे गव्हर्नर विजेव्हानो येथे मुक्काम हलवून राहिले. ज्यांच्यापाशी घोडे, गाड्या आणि खेड्यातील वाडे होते, त्यांनी शहर सोडले. चार्ल्स त्या वेळी लोदी येथे तेथील बिशपांच्या अंत्यविधीला गेले होते. त्यांच्यापुढे दोन्ही रस्ते मोकळे होते. ते मिलानला परतले.

परतल्यावर काही दिवसांतच त्यांनी आपले मृत्युपत्र केले आणि आपल्या संपत्तीचा वारस म्हणून मिलानच्या मोठ्या इस्पितळाचे नाव घातले. सद्भावनेच्या भरात असे करणारे थोडे नसतात. मात्र आपण मरणार असे समजून ज्या माणसाने हिशेब पूर्ण केला, तो पुढे सोळा-सतरा महिने रोज कामाला निघत राहिला, ही गोष्ट अधिक मोलाची आहे.

शहराच्या पूर्व वेशीबाहेर 'लाझारेत्तो' नावाची एक प्रचंड चौकोनी वास्तू होती. पंधराव्या शतकाच्या अखेरीस ती खास प्लेगच्या रोग्यांसाठी बांधायला घेतली होती. मधोमध मोठे अंगण आणि चारही बाजूंनी ओळीने खोल्या. खोल्यांची संख्या तीनशेच्या जवळपास. अंगणाच्या मध्यभागी वेदी होती, ती अशी की रोग्याला आपल्या खोलीच्या दारातून मिस्सा दिसावी. १५७६ च्या शरद ऋतूत या खोल्या अपुऱ्या पडल्या आणि वेशीबाहेर झोपड्यांच्या वसाहती उभाराव्या लागल्या. जे तेथे नेले जात, ते बहुधा परत येत नसत. म्हणून रोगापेक्षाही लोकांना त्या जागेची धास्ती अधिक होती.

चार्ल्स तेथे गेले तेव्हा त्यांना आढळले की, रोग्यांना औषधापेक्षाही धर्मगुरूची वाण आहे. मरणाऱ्याची प्रायश्चित्ताची इच्छा अपुरी राहत होती. शहरातील धर्मगुरू भ्यायले होते आणि त्यांचे भय खोटे नव्हते. आर्चबिशपांनी त्यांना दटावण्यापेक्षा विनवणे पत्करले. शरीर वाचवण्याचे जेवढे मानवी उपाय आहेत तेवढे अवश्य करा, पण त्यासाठी मेंढरांना एकटे टाकू नका, असा त्यांच्या उपदेशाचा आशय होता. शिवाय ते स्वतः पुढे चालत होते. हळूहळू माणसे मिळू लागली. आल्प्सच्या खोऱ्यांतून धर्मगुरू आले, कॅपुचिन संघाचे बंधू आले. त्यांपैकी सालो गावच्या पाओलो बेल्लिंतानी यांनी लाझारेत्तोचा कारभार हाती घेतला आणि पुढे आपल्या अनुभवांवर एक ग्रंथही लिहिला. त्यांची शिस्त कडक होती, कारण तेथे केवळ भक्तिभावाने भागण्यासारखे नव्हते. अन्न वाटणे, कपडे जाळणे, प्रेते हलवणे, चोऱ्या थांबवणे, आई मेलेल्या तान्ह्या मुलांसाठी दाया आणि दूध देणाऱ्या शेळ्या मिळवणे, हे सारे सेवेतच मोडत होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्लेग कशाने होतो हे त्या वेळी कोणालाही ठाऊक नव्हते. या रोगाचा जंतू अलेक्झांडर येर्सिन यांनी हाँगकाँगमध्ये १८९४ मध्ये शोधला आणि उंदरावरील पिसू तो पसरवते हे पॉल-लुई सिमोंद यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले. मिलानच्या लोकांना एवढेच उमजले होते की, रोग्याच्या सान्निध्याने आणि त्याच्या वस्त्रांनी तो पसरतो. चार्ल्स ते मानत. ते व्हिनेगरमध्ये भिजवलेला स्पंज जवळ ठेवीत, हातात काठी बाळगून लोकांना अंतरावर ठेवीत आणि रोग्यांकडून आल्यावर आपल्या घरच्या माणसांनाही जवळ येऊ देत नसत. आपण श्रद्धावान आहोत म्हणून रोग आपल्याला शिवणार नाही, असा भ्रम त्यांच्यापाशी नव्हता.

रोगाच्या मागून उपासमार आली. व्यापार थांबला, हातमाग बंद पडले, श्रीमंत घरे रिकामी झाल्याने नोकरचाकर रस्त्यावर आले. आर्चबिशपांनी घरातील चांदीची भांडी मोडली, कर्ज काढले. हिवाळा तोंडाशी आला तेव्हा गरिबांना अंगभर कपडा नव्हता. मग राजवाड्यासारख्या त्या धर्मनिवासातील पडदे, भिंतींवरची भरजरी वस्त्रे आणि चांदवे उतरवून त्यांचे कपडे शिवण्यात आले. त्या हिवाळ्यात मिलानच्या रस्त्यांतून लाल-जांभळ्या रंगांचे अंगरखे घातलेले दरिद्री लोक हिंडताना दिसत.

ऑक्टोबरमध्ये त्यांनी प्रायश्चित्ताच्या मिरवणुका काढल्या. अनवाणी पायांनी, गळ्यात गुन्हेगाराप्रमाणे दोर घालून, हाती मोठा क्रूस घेऊन ते स्वतः अग्रभागी चालले. त्या क्रूसात मिलानच्या कॅथीड्रलमध्ये जतन केलेला, प्रभूच्या क्रूसावरील मानला जाणारा पवित्र खिळा बसवला होता. वाटेत त्यांच्या पायाला जखम झाली, तरी ते थांबले नाहीत. हे चित्र पुढे अनेक चित्रकारांनी रंगवले. परंतु इतिहास लिहिताना चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवता येत नाही. गर्दी जमवू नये असे नगराधिकाऱ्यांचे मत होते आणि आजच्या ज्ञानाच्या प्रकाशात ते मत चुकीचे म्हणता येणार नाही. मिरवणुका झाल्या, रोग ओसरला नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस नगराधिकाऱ्यांनी सर्व शहराला घरांत कोंडण्याचा हुकूम काढला. चाळीस दिवस कोणी उंबरठा ओलांडायचा नव्हता. ती मुदत पुढे वाढतच गेली.

या टप्प्यावर चार्ल्स बोरोमिओ यांनी जे केले, त्यात त्यांचे खरे मोठेपण दिसते. त्यांनी हुकमाविरुद्ध हट्ट धरला नाही. लोकांनी घरात राहावे असे त्यांनीही सांगितले आणि ज्यांना सेवेसाठी नेमले आहे ते वगळता धर्मगुरूंनाही तोच नियम लावला. लोक देवळात येऊ शकत नाहीत, तेव्हा देऊळ लोकांकडे गेले पाहिजे, हा विचार त्यांनी अमलात आणला. शहराच्या चौकांत वेद्या उभारण्यात आल्या. जागा अशा निवडल्या की, आजूबाजूच्या जास्तीत जास्त घरांच्या खिडक्यांतून वेदी दिसावी. तेथे मिस्सा होऊ लागली. कोंडलेली कुटुंबे खिडकीत गुडघे टेकून मिस्सा ऐकू लागली.

दिवसातून सात वेळा घंटा होई. घंटा झाली की, एका बाजूच्या खिडक्यांतून स्तोत्राची ओळ उठे आणि समोरच्या बाजूने दुसरी ओळ म्हटली जाई. रस्ते ओस होते, पण रस्त्यांतून प्रार्थना वाहत होती. धर्मगुरू बैठकीसाठी एक लहानसे स्टूल घेऊन दारोदार फिरत. बंद दाराच्या बाहेर स्टूल मांडून बसत आणि दाराआडून आतल्या माणसाचे पापनिवेदन ऐकत. नंतर उंबरठ्यावरच त्याला ख्रिस्तप्रसाद देत. एवढे अंतर राखूनही त्या सेवेत अनेक धर्मगुरू मृत्यू पावले.

रोग्याला वेगळे ठेवणे आवश्यक असते; त्याला टाकून देणे आवश्यक नसते. या दोन गोष्टींमध्ये एका दाराचे अंतर आहे. मिलानच्या धर्मगुरूंनी ते अंतर पाळले आणि त्याच अंतरावर आपले स्टूल मांडले. माझ्या मते आपत्तीतील ख्रिस्ती सेवेचे सारे मर्म त्या स्टुलात आहे. हे संकट का आले याचे उत्तर त्यावर बसलेल्या धर्मगुरूपाशीही असेलच असे नाही. मात्र आतल्या माणसाला एवढे कळत होते की, बाहेर कोणीतरी बसले आहे.

जानेवारी १५७८ मध्ये शहर रोगमुक्त झाल्याचे जाहीर झाले. एक लाखाहून थोड्या अधिक वस्तीच्या त्या शहरात सुमारे १७,००० माणसे दगावली होती. नगराने केलेल्या नवसाप्रमाणे संत सेबास्तियनचे मंदिर नव्याने बांधायला घेतले गेले होते. चौकांतील वेद्या हलवण्यात आल्या आणि त्यांच्या जागी स्तंभ व क्रूस उभे राहिले. हेच ते मिलानचे क्रूस. त्यांतील बहुतेक अठराव्या शतकात काढून टाकण्यात आले, काही थोडे उरले. जेथे एकेकाळी वेदी होती, ती जागा विसरू नये म्हणून ती खूण होती.

चार्ल्स ३ नोव्हेंबर १५८४ रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी वारले. १६१० मध्ये ते संत म्हणून घोषित झाले. १५८० मध्ये त्यांनी कास्तिल्योने येथे एका बारा वर्षांच्या मुलाला पहिला ख्रिस्तप्रसाद दिला होता. त्याचे नाव अलॉयशियस गोन्झागा. पुढे येशूसंघात गेलेल्या या तरुणाने १५९१ मध्ये रोममध्ये साथीच्या रोग्यांची सेवा करताना, वयाच्या तेविसाव्या वर्षी प्राण ठेवला. सेवेचा वारसा असा एका हातातून दुसऱ्या हातात जातो.

परंतु वारसा नेहमीच योग्य रीतीने जपला जातो असे नाही. १६३० मध्ये मिलानवर पुन्हा प्लेग आला. त्या वेळी चार्ल्स यांचे चुलतभाऊ फेदेरिको बोरोमिओ आर्चबिशप होते. संत चार्ल्स यांच्या देहाची मिरवणूक काढावी, असा नगराचा आग्रह होता. गर्दीने रोग वाढेल हे ओळखून फेदेरिको यांनी आरंभी नकार दिला, शेवटी ते नमले. ११ जून रोजी मिरवणूक निघाली आणि त्यानंतरच्या दिवसांत मृत्यूंचा आकडा भयंकर वाढला. या साथीत शहराची सुमारे निम्मी वस्ती गेली. आलेस्सांद्रो मान्झोनी यांच्या प्रसिद्ध कादंबरीत या साऱ्याचे सविस्तर वर्णन आहे. लोकांनी संताचे अनवाणी पाय लक्षात ठेवले होते. त्यांनी चौकात मांडलेली वेदी ते विसरले होते.

आता पुन्हा मुंबईकडे वळू. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात एका रोग्याला तपासताना डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. व्हिएगस गोव्यातील हडफडे गावचे, आपल्याच समाजातील. या अप्रिय निदानाचा त्यांनी जाहीर उच्चार केला, वस्त्या स्वच्छ करण्यासाठी झटले आणि डॉ. हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली लस लोकांना टोचली. धोबीतलावला मेट्रो चित्रपटगृहासमोर त्यांचा पुतळा उभा आहे. त्याच साथीत पुण्याजवळ सावित्रीबाई फुले प्लेग झालेल्या एका मुलाला आपल्या मुलाच्या दवाखान्यात घेऊन गेल्या आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने निधन पावल्या. त्या ख्रिस्ती नव्हत्या. पण शुभवर्तमानातील चांगला शमरोनीही परकाच होता, हे आपण विसरू नये.

त्याच पुण्यात अलगीकरणाचे दुसरे रूपही लोकांनी पाहिले. रोगी शोधण्यासाठी घरोघर सैनिक धाडले गेले. देवघरे आणि माजघरे तुडवली गेली, स्त्रियांची अप्रतिष्ठा झाल्याच्या तक्रारी उठल्या. २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग समितीचे प्रमुख रँड यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. रोग्याला वेगळे करण्याचा नियम मिलानमध्येही होता, पुण्यातही होता. मिलानमध्ये दाराबाहेर स्टूल मांडले गेले; पुण्यात दाराला लाथ बसली. एकाच उपायाला दोन भिन्न फळे का आली, ते यावरून समजते.

१८९७ मध्ये प्लेगसाठी केलेला साथरोग कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला आणि आपली देवळेही बंद झाली. त्या वर्षी १२ एप्रिलचा ईस्टर आपण घरात काढला. तत्पूर्वी २७ मार्चच्या पावसाळी संध्याकाळी पोप फ्रान्सिस यांनी संत पेत्राच्या रिकाम्या चौकात एकट्याने प्रार्थना केली, ती आपण पडद्यावर पाहिली. आता ते आपल्यात नाहीत. २०२५ मध्ये ते प्रभूघरी गेले. त्या संध्याकाळी त्यांनी रोममधील संत मार्सेल्लो मंदिरातील जो क्रूस तेथे आणवला होता, तो १५२२ च्या प्लेगात रोमच्या रस्त्यांतून फिरवला गेला होता. या वेळी तो मिरवला गेला नाही. तो चौकात उभा होता आणि माणसे आपापल्या घरांतून त्याच्याकडे पाहत होती. मिलानच्या खिडक्यांची आठवण यावी असाच तो प्रसंग होता.

त्या दिवसांत कितीजणांनी शेजाऱ्याच्या दाराबाहेर जेवणाचा डबा ठेवला, दारातूनच हाक मारून प्रकृती विचारली, कोणी नातलग नसलेल्या मृताला मातीपर्यंत पोहोचवले. त्यांना आपण बोरोमिओंच्या परंपरेत आहोत, याची कल्पनाही नसेल. आणि कितीजणांनी रोगमुक्त होऊन परतलेल्या माणसाकडे पाहून दार लावून घेतले, हेही आपल्याला ठाऊक आहे. दोन्ही प्रकारची माणसे एकाच धर्मग्रामातील होती. प्रसंगी एकाच घरातीलही होती.

म्हणून पुढच्या मे महिन्यात वाडीतील क्रूसापुढे लदीन म्हणायला जमाल, तेव्हा चणे वाटून होईपर्यंत मुलांना थोडे थांबवा. त्यांना पायथ्याचे साल मोठ्याने वाचायला सांगा. ते वाचून झाले म्हणजे, त्या वर्षी या गल्लीत काय घडले असेल आणि बंद दाराबाहेर कोण येऊन बसले असेल, हा प्रश्न ती मुले आपण होऊनच विचारतील. त्याचे उत्तर आपल्यापाशी तयार असावे.